घरच्या पीसीला ७५० वॅटचा एसएमपीएस खरंच लागतो का?

ओहमचा नियम (धागाकर्ता)

रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०७० हे ग्राफिक्स कार्ड अशी जुळणी करणाऱ्याने ७५० वॅट गोल्ड एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागे लागू नये. चांगल्या बनावटीचा ५५० वॅट ब्रॉन्झ पुरतो (गोल्ड आणि ब्रॉन्झ या कार्यक्षमतेच्या श्रेणी, गोल्ड वरची). प्रोसेसर फार तर ८८ वॅट ओढतो, कार्ड २००, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ६० धरा. बेरीज ३४८, तीही दोन्ही एकाच वेळी पूर्ण ताणले तर. कार्डाची कंपनी एनव्हिडिया त्याला ६५० वॅटचा डबा सुचवते, कारण कोण कसला डबा लावेल आणि कुठला प्रोसेसर बसवेल हे तिला ठाऊक नसतं.

खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, बाजूचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात ४५ अँपिअर असतील तर ५४० वॅट, आणि प्रोसेसर व कार्ड दोन्ही त्याच्यावरच चालतात. स्वस्तातल्या ‘५०० वॅट’ डब्यावर तिथे २० अँपिअर दिसले, तर हाती २४० वॅटच. उरलेले ३.३ आणि ५ व्होल्टच्या नावावर दाखवून आकडा फुगवलेला असतो. १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर त्यांची बेरीज करू नका, खालचा एकत्रित आकडा धरा.

गोल्डने वीज किती वाचते तेही बघा. ३५० वॅटला ८५ टक्के कार्यक्षमता असेल तर भिंतीतून ४१२ जातात, ९० टक्के असेल तर ३८९. फरक २३ वॅटचा. रोज चार तास पूर्ण लोड धरला तरी वर्षाला ३४ युनिटांच्या आत. युनिटला दहा रुपये धरले तर साडेतीनशेही नाहीत.

तीनपिनी

बेरीज बरोबर आहे, निष्कर्ष अजिबात पटला नाही. कार्ड सरासरी २०० वॅट घेतं, पण काही मायक्रोसेकंद ते मिलीसेकंद त्याच्या बरंच वर उसळतं. एनव्हिडियाच्या आधीच्या पिढीतल्या ३०८० आणि ३०९० कार्डांच्या वेळी हेच झालं होतं: बेरजेत बसणारा एसएमपीएस गेम चालू असताना एकदम बंद व्हायचा. निळा स्क्रीन नाही, काही नाही, थेट अंधार. संरक्षण सर्किट आपलं काम करतं आणि लोक रॅम बदलत बसतात.

दुसरा मुद्दा आपल्याकडचा. लाइट जाते तेव्हा यूपीएस लागेपर्यंत एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरवर सगळं चालतं. एटीएक्स ३.१ हे एसएमपीएसचं मानक पूर्ण लोडला फक्त १२ मिलीसेकंद टिकण्याची अट घालतं. लोड निम्मा असला की तोच कपॅसिटर जवळपास दुप्पट टिकतो. ७५० वॅटवर ३४८ म्हणजे ४६ टक्के. मोठा डबा घेण्याचं माझ्या दृष्टीने हेच खरं कारण.

ओहमचा नियम

मग ५५० चंही गणित करू. ६३ टक्के लोडला १२ चे साधारण १९ मिलीसेकंद होतात. चांगला लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस (व्होल्टेजही सांभाळणारा प्रकार) १० मिलीसेकंदांच्या आत लागतो. उसळीसाठी एटीएक्स ३.० किंवा ३.१ चा, कार्डाला वीज देणारा सोळा पिनी कनेक्टर असलेला डबा घ्या. ४५० वॅटच्या वरच्या अशा डब्याने १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार पेलला पाहिजे, असं ते मानकच सांगतं. ३०९० चं उदाहरण ४०७० ला लावणं मला योग्य वाटत नाही.

वायरमन काका

दोघंही यूपीएसचं नाव घेताय, पण त्याची क्षमता कुणीच मोजली नाही. ६०० व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअर) यूपीएसवर बहुतेक वेळा ३६० वॅटच लिहिलेले असतात. भिंतीतून ४१२ ओढणारा पीसी गेमच्या मध्यात लाइट गेली की त्यावर लगेच ओव्हरलोड दाखवून बंद पडणार. इथे १००० ते ११०० व्हीए लागतात. घरच्या इन्व्हर्टरवर जोडायचं असेल तर तो प्युअर साइन वेव्ह हवा आणि मागचं बटण यूपीएस मोडला. नॉर्मल मोडमध्ये बदलाला जास्त वेळ लागतो, पीसी रीस्टार्ट होतो.

आणि अर्थिंग! कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात ना, तो एसएमपीएस बिघडल्याचा पुरावा नव्हे. आत फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग तुटलं की बॉडी साधारण ११५ व्होल्टवर तरंगते. प्रवाह अगदी थोडा असतो, पण एचडीएमआय केबल लावता काढताना त्यानेच पोर्ट जाऊ शकतं. आधी सॉकेटमध्ये फेज ते अर्थ मोजा, २३० च्या आसपास आलं पाहिजे. इथे कुठलाही गोल्ड उपयोगी नाही.

तीनपिनी

काकांचं मान्य. ५५० ला विरोध मात्र कायम. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४२ अंशांची असते, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. काही स्वस्त डब्यांचे पूर्ण वॅट ४० अंशांपर्यंतच खरे असतात. ५० अंश लिहिलेला आणि १०५ अंशांचे कपॅसिटर असलेलाच घ्या.

ओहमचा नियम

अंशांची अट मलाही मान्य, ती ५५० मध्येही पाळता येते. पुण्या-नाशकात मी ५५० च सुचवेन. विदर्भात ६५० घ्या, पण ७५० नाही.

वायरमन काका

पुढेमागे डबा बदललात तर एक सांभाळा. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणाऱ्या, एसएमपीएसच्या जुन्या केबल तशाच ठेवून नवा डबा जोडू नका. डब्याकडच्या टोकाच्या पिनांचा क्रम सगळ्यांचा सारखा नसतो, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळा असू शकतो. प्लग नीट बसतो, ५ व्होल्टच्या जागी १२ जातात आणि पहिल्याच स्विचला हार्ड डिस्क जळते.