गोळी लागू पडली नाही, की आधीच सोडली?
2 आठवड्यांत फरक न पडल्याने नैराश्याच्या गोळ्या सोडल्या, हा इथे एकाने मांडलेला अनुभव ओळखीचा आहे. मात्र त्यातला ‘औषधच निरुपयोगी’ हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. नागपुरात बाह्यरुग्ण विभागात आईला एसिटॅलोप्राम (नैराश्यावरचे मुख्य औषध) आणि क्लोनाझेपाम (झोपेसाठी) अशी दोन औषधे लिहून दिली होती. पहिल्याचा गुण यायला साधारण 2 ते 6 आठवडे लागतात, उलट सुरुवातीला काहींना मळमळच जाणवते. दुसऱ्याने त्याच रात्री झोप लागते, परंतु त्याची सवय जडत असल्याने ते थोड्याच दिवसांसाठी असते. आईने (आमच्याच संमतीने!) नेमके उलटे केले. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी डबीतल्या गोळ्या टेबलावर ओतून मोजल्या, तेव्हा झोपेच्या संपलेल्या होत्या आणि मुख्य औषधाची पट्टी जवळपास अखंड होती.