एमएम ५४० जीपमध्ये बोलेरोचं इंजिन टाकू का, की पिजोच राहू दे?

कुंभार्लीखालचा

मंडळी, जरा अडकलोय. चिपळूणला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि सासरवाडी पाटणकडची. महिन्यातनं दोनदा तरी कुंभार्ली चढणं होतं, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या असल्या की जास्तच. पाटणजवळ एक १९९१ ची महिंद्रा एमएम ५४० बघून आलोय. पत्रा ठीक, फोर व्हील लागतंय, चेसिसला गंज नाही (खाली झोपून स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघितलं, शर्ट गेला). मालक एक सत्तर सांगतोय.

भानगड इंजिनाची आहे, म्हणजे पिजोची (फ्रेंच प्युजो कंपनीच्या डिझाइनचं डिझेल). सकाळी हीटर (सुरू करण्याआधी इंजिन तापवायचा) दोनदा दिल्याशिवाय सुरू होत नाही, निळा धूर सोडते आणि ऑइल भरायचं झाकण उघडलं की चहाच्या किटलीसारखं भकभकतं. माझा मिस्त्री म्हणतो, "पिजोचे पार्ट शोधत फिरशील. पंचावन्न हजारात बोलेरोचं डीआय टर्बो इंजिन आणतो, वर वीस मजुरी, आठवड्यात गाडी हातात. घाट तिसऱ्यात चढशील."

बायको म्हणते एवढे पैसे घालून जुनी बोलेरोच येईल की. तिचं चुकत नाही. पण वडापच्या (पॅसेंजर भरून चालणाऱ्या) जीपला मागं लटकून शाळेत गेलेला माणूस आहे मी, हा आजार तिला कसा सांगू. तर कुणी असं इंजिन बदललंय का? पुढं काय झालं?

तेरानंबरपाना

डीआय टाक, विषय संपला. पिजो म्हणजे म्हातारं जनावर, गोठ्यापेक्षा दवाखान्यात जास्त.

वडाप_कराड

वरच्या भावानं दोन ओळीत संपवलं, मला जरा जास्त लागतील. २००७ मध्ये मी हेच केलं होतं. गाडी हीच, एमएम ५४०, आणि इंजिन कमांडरमधून काढलेलं डीआय, बिनटर्बोचं. तेव्हा कराड–मसूर वडाप करायचो.

आधी दोन इंजिनांचा स्वभाव समजून घे. तुझं पिजो म्हणजे एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी), म्हणून ते नाव. स्ट्रोक (पिस्टनची चाल) ८३, मिळून २११२ सीसी. लहान स्ट्रोक, त्यामुळं पळायला मोकळं, ४५०० आरपीएमपर्यंत जातं. डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) २५२३ सीसीचं, बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६. हे आकडे इंचात कर, बरोब्बर साडेतीन आणि चार येतात. म्हणजे खानदान ट्रॅक्टरचं, इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या बाजूचं. ओढेल बैलासारखं, पण ३२०० च्या पुढं त्याला हाकू नये. बिघाड दोघांपैकी कशातच नाही. घोटाळा होतो तो एकाच्या जागी दुसरं बसवल्यावर.

तुझ्या मिस्त्रीनं डिफ्रेन्सरचं (एक्सलमधली गिअरची पेटी, चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे ते हीच ठरवते) नाव काढलं का? नसेल काढलं. माझ्यानंही नव्हतं काढलं. तू एक काम कर. गाडी सपाटीला लाव, न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला (जुन्या जीपचा हँडब्रेक प्रॉपलर शाफ्टलाच, म्हणजे मागच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्यालाच, धरतो, ओढलेला असेल तर काही हलणार नाही), फोर व्हील काढलेलं. पुढच्या चाकांना दोन्हीकडनं मोठे दगड. मग मागचं एकच चाक जॅकवर घे, शाफ्टवर खडूची खूण कर आणि ते चाक हातानं वीस फेरे फिरव. दुसरं चाक जमिनीवर आहे म्हणून वीसचे दहा धरायचे. शाफ्ट किती फिरला ते सांग, मग पुढचं बोलू.

माझ्या गाडीचं सांगतो. मजुरी, क्लच, रेडिएटर, पाइप धरून त्या वेळी बासष्ट हजार गेले. पिजोच्या माउंटिंगवर डीआय बसत नाही, ते कापून नवीन ब्रॅकेट वेल्ड केले. पहिले आठ दिवस मी राजा. अकरा माणसं भरून दुसऱ्या गिअरला सुटायची. मग एकदा हायवेला कोल्हापूरला निघालो. पासष्टला गाडी मस्त, सत्तरला मागचा आरसा थरथरायला लागला, आणि पुढं इंजिन असं ओरडायचं की शेजारचा काय म्हणतो ते ऐकू येईना. उसाचे ट्रक हॉर्न देऊन पुढं जायचे. चार महिन्यांनी मसूर फाट्याजवळ डावा ब्रॅकेट वेल्डला तुटला, इंजिन कललं आणि पंख्यानं रेडिएटर खाल्ला. पॅसेंजर उतरून चालत गेले, निम्म्यांनी पैसेही दिले नाहीत. वर्षभरात दुसरा गिअर उडायला लागला.

बोलेरोत तेच इंजिन नीट पळतं, कारण तिला पाच गिअर आहेत आणि मागं डिफमध्ये त्या हिशेबाचं क्राऊन-पिनियन (दात्यांची जोडी) आहे. कुणी सांगेल, मग जीपचंही क्राऊन-पिनियन बदल. बदल, पण पुढचंही बदलायला लागेल. मागं एक आणि पुढं वेगळं ठेवून फोर व्हील लावलीस तर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतील आणि भांडणात ट्रान्सफर केस (पुढं-मागं ताकद वाटणारी पेटी) जाईल. म्हणजे आठवड्याचं काम महिन्यावर गेलं आणि पंच्याहत्तरचे सव्वा लाख झाले.

तेरानंबरपाना

काका, टर्बोचा टॉर्क (ओढायची ताकद) १८० न्यूटन-मीटरच्या घरात आहे, पिजोचा १२० च्या आसपास. घाटात फरक पडणारच ना?

वडाप_कराड

पडणारच. पण तो जास्तीचा टॉर्क जाणार कुठून? त्याच जुन्या गिअरबॉक्समधनं, त्याच शाफ्टच्या क्रॉसमधनं (सांध्यातनं). म्हाताऱ्या माणसाला एकदम पोतं उचलायला लावण्यातला प्रकार.

खिडकी_क्रमांक_४

माझं काम आरटीओच्या बाहेर टेबल टाकून बसायचं, त्यामुळे तेवढ्यापुरतं बोलतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरचा तपशील आणि उत्पादकानं मुळात दिलेला तपशील यात तफावत येईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठाम सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ए आलं, त्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. त्याच कंपनीचं त्याच प्रकारचं इंजिन बदललं तर कागद करता येतो. तुमच्याकडे दोन्ही महिंद्राच, पण आरसीवर २११२ आणि बॉनेटखाली २५२३, हे कुठल्याच टेबलावर बसणार नाही.

गाडी १९९१ ची आहे ना? मग पहिली पंधरा वर्षं २००६ ला संपली आणि तिथून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे २०११, २०१६, २०२१, २०२६. नूतनीकरणाच्या दिवशी निरीक्षक नंबर बघणार, प्रिंट घेणार. विम्याचंही तेच. अपघात झाला तर सर्व्हेअर सगळ्यात आधी इंजिन नंबर बघतो. आणि भंगारातल्या इंजिनाला बिल नसतं. ते कुठल्या गाडीतून निघालंय हे पोलिसांनी विचारलं तर "मिस्त्रीनं आणलं" हे उत्तर चालत नाही.

एक फुकट सल्ला: घ्यायच्या आधी आताच्या इंजिनाच्या नंबरची पेन्सिल प्रिंट (नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची) घ्या आणि आरसीशी लावून बघा. अक्षर न् अक्षर.

कुंभार्लीखालचा

काल रविवारी परत गेलो होतो. मेहुण्याला घेऊन दगड लावले, जॅक लावला, वीस फेरे मारले. शाफ्ट एकोणपन्नासला पाव कमी. म्हणजे दहानं भागून ४.८८ धरू ना?

वडाप_कराड

बरोब्बर. आठ दाते पिनियनला, एकोणचाळीस क्राऊनला. आता हिशेब बघ. ६.००-१६ चा टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो, टॉपला गिअर एकास एक. ३००० आरपीएमला ताशी ८१ किलोमीटर, आणि डीआय जिथं सुखात राहतं त्या २४०० ला ६५. माझी पासष्टची कहाणी उगाच नव्हती. पिजो ३६०० ला सहज राहतं, तिथं ९७ होतात. कंपनीनं हा डिफ पिजोसाठी दिलाय, डीआयसाठी नाही.

धुराचं म्हणशील तर निळा धूर आणि भकभक म्हणजे बहुतेक पिस्टनच्या रिंगा गेल्या. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोज. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मोज. आकडा वाढला तर रिंग-लायनर, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट. पंप आणि नोझल वेगळं काम, ते टेस्ट बेंचवर नेऊन करायचं, कानानं नाही. मी डीआय काढून परत पिजो बसवलं. २०१९ ला बोअर, रिंगा, बेअरिंग, नोझल सगळं मिळून अडतीस हजारात झालं. पार्ट मिळतात, फक्त एका दुकानात मिळत नाहीत.

कुंभार्लीखालचा

आता खरी गंमत. खिडकीवाल्या साहेबांनी सांगितलं म्हणून पेन्सिल प्रिंटही घेतली. ब्लॉकवर तेलाचा एवढा थर होता की आधी डिझेलनं ब्रश मारावा लागला. चेसिस नंबर जुळला. इंजिन नंबर जुळत नाही. शेवटचे तीन आकडे नव्हे, अख्खा नंबरच वेगळा. मालकाला दाखवलं तर म्हणाला, "हां, दोन वर्षांपूर्वी जुनं फुटलं, कोरेगावकडच्या एका जीपमधलं टाकलं. पिजोच आहे की! त्यात काय?" पहिल्या दिवशी हाच माणूस "कंपनीचं इंजिन, कधी उघडलं नाही" म्हणून शपथ घेत होता.

म्हणजे मी इंजिन बदलू की नको विचारत बसलो आणि ते माझ्या आधीच बदललेलं.

खिडकी_क्रमांक_४

हे मात्र सुटण्यासारखं आहे. मेक तोच, टाइप तोच. कोरेगावच्या गाडीचा कागद, ती मोडीत काढली असेल तर त्याचा दाखला आणि इंजिन विकल्याचं बिल मिळालं तर आरसीवर नवीन नंबर चढवून घेता येईल. नियमानं बदल केल्यापासून चौदा दिवसांत कळवायचं असतं, दोन वर्षं झालीत, त्यामुळे उशिराचं काय ते भरावं लागेल. पण हे सगळं *सध्याच्या मालकानं* आणि *व्यवहाराआधी* करायचं. ट्रान्सफर झाली की ती भानगड तुमच्या नावावर.

कुंभार्लीखालचा

सांगितलं तसं. चिडला. म्हणाला दोन वर्षांत कुणी विचारलं नाही, तूच मोठा शहाणा आलास. मी म्हटलं, नंबर चढव, एक तीस रोख देतो, इंजिन माझं मी उघडतो, पिजोच ठेवणार आहे. विचार करून सांगतो म्हणाला. मिस्त्रीला डीआय नको म्हणून फोन केला, तोही चिडला. त्यानं म्हणे शब्द देऊन ठेवला होता. बायको तेवढी खूश आहे, पण ती जीप येणार नाही असं समजून.

वडाप_कराड

एक तीसला देत असेल तर सोडू नको. आणि तू सोडलीस तर मला सांग, माझ्या घरी अजून कुणी काही समजलेलं नाही.