ग्रासहॉपर स्पॅरो: बंदिस्त प्रजननाने हा पक्षी टिकेल का?

तृणमित्र: फ्लोरिडाच्या कोरड्या गवताळ प्रदेशात राहणाऱ्या, नाकतोड्यासारख्या किरकिर आवाजात गाणाऱ्या या पक्ष्याच्या उपजातीला अमेरिकेने १९८६ मध्ये संकटग्रस्त घोषित केले. २०१९ पासून बंदिस्त जागेत वाढवलेले पक्षी तेथे सोडले जात आहेत. पिंजऱ्यात जन्मलेले पक्षी मोकळ्या रानात खरोखर तग धरतात का?

माळढोक: होय, आणि मला ही फार मोठी गोष्ट वाटते. सोडलेल्या पक्ष्यांनी पुढच्याच वर्षी रानात यशस्वीपणे पिल्ले वाढवली. बंदिस्त केंद्रातही पिल्लांना त्यांचे आईवडीलच भरवतात. त्यामुळे ती माणसावर विसंबून राहत नाहीत. मात्र एकत्र ठेवलेल्या पक्ष्यांमध्ये आतड्याचे परजीवी रोग पसरतात, म्हणून कडक तपासणीला पर्याय नाही.

गवताळ: माळढोक यांच्याशी सहमत आहे, तरी मूळ दुखणे जमिनीचे आहे. बहुतांश कोरडे गवताळ रान कुरणांसाठी आणि शेतीसाठी गेले. घरटी जमिनीवर असल्याने दक्षिण अमेरिकेतून आलेल्या आगमुंग्या पिल्लांना जिवंत खातात. म्हणून कार्यकर्ते वारुळांत उकळते पाणी ओततात, घरट्यांभोवती कुंपण घालतात आणि पूर आल्यास घरटे उचलून थोडे उंच ठेवतात. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी गवत नियंत्रितपणे जाळावे लागते, अन्यथा झुडपे माजून पक्षी तो भाग सोडतो.

तृणमित्र: आभारी आहे. म्हणजे पक्षी सोडण्याआधी रान तयार ठेवावे लागते, हे आता कळले.