कुलूप शाबूत, खोप रिकामी: तुमचे अनुभव लिहा

देवगड
शिमग्याला गावी गेलो तर गाडीच्या खोपीचं कुलूप जसंच्या तसं, आणि आतला ग्रास कटर, पंपाची मोटर नि आजीचा तांब्याचा बंब गायब! कोयंडा जांभ्याच्या चिऱ्यात स्क्रू पिळून बसवला होता. पहारीने एकदा रेटला की भुग्यासकट बाहेर. महागडं कुलूप कोयंड्याला लोंबत होतं. मुंबईत बसून गावची खोप राखणाऱ्यांनो, तुम्ही काय केलंत? फसलेलंही लिहा.

गुहागर
खाऱ्या वाऱ्याने लोखंडी कुलूप एका पावसाळ्यात धरलं. किल्ली फिरेना, शेवटी मीच हॅक्सॉने कडी कापली. दहा मिनिटंही लागली नाहीत. मला जमतं तर चोराला किती वेळ लागणार? आता पितळी कुलूप, स्टेनलेस स्टीलची कडी, वरून सायकलच्या ट्यूबची झापडी. आत खोबरेल घालू नका, धूळ धरून चिकटतं. पेन्सिलच्या शिशाची पूड चालते.

मालवण
आमच्याकडे चोरान कुलपाक हात पण लावूक नाय. मागच्या बाजूची चार कौलं काढली आणि आत उतरला. काजू बीची दोन पोती त्याच वाटेने वर गेली, म्हणजे माणसं दोन तरी होती. आता कौलांखाली वेल्डमेश, म्हणजे जाड लोखंडी जाळी, ठोकली आहे. पत्रे असतील तर जे-हुकांचे नट वरून पान्याने सुटतात, तेही बघा. आणि शिडी बाहेर ठेवू नका. (आमची बाहेरच होती.)

रत्नागिरी
शटर. कुलूप फक्त मधोमध, म्हणून कोपऱ्याखाली जॅक सरकवून उचललं. आता दोन्ही बाजूंना कुलूप. खोपीतून माजघरात जाणारं दार मात्र नुसत्या प्लायवूडचं होतं, हे चोरी झाल्यावर सुचलं. चोर खोपीत शिरला म्हणजे पुढचं काम आडोशाला, निवांत.

मुरूड
कॅमेरा लावला. रात्री अडीचला मोबाइल वाजायचा, भिंगासमोर कोळी. जुलैत आठ-आठ दिवस ऊन नाही, सोलर पॅनेल उपाशी. पुढे कॅमेराच चोरीला गेला, चित्रण त्यातल्याच कार्डात!

वेंगुर्ला
ओटीवरचा दिवा रात्रंदिवस जळत ठेवायचो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दिवसा पण दिवो पेटता, म्हणजे घरात कोण नाय ता सगळ्यांका कळता." आता दिवा सेन्सरचा आहे. दारात पडलेल्या झावळ्या काकू उचलतात, गणपतीला त्यांच्यासाठी मुंबईहून साडी जाते.

चिपळूण
तक्रार द्यायला गेलो तर कटरचा सिरियल नंबर विचारला. बिल नाही, फोटो नाही. यंत्रांवरच्या नंबराच्या पट्टीचे फोटो आजच काढून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये राहत्या घरासोबत सामान ठेवायची इमारतही येते, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. "खोपच ती, घर थोडंच फुटलंय" असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

देवगड
कोयंडा आता सागवानी चौकटीतून आरपार बोल्टने बसवलाय, नट आतून. सुताराने बिजागऱ्याही दाखवल्या: बाहेरच्या बाजूला, पिन ठोकली की निघणाऱ्या. मे महिन्यात त्या बदलतो. बंब काही मिळाला नाही.