‘चष्मा उतरवा, मग नेम धरा’ या सल्ल्याला उत्तर

दहामीटर (पणजी)
काल इथे काणकोणकार यांनी लिहिलं: "नंबरचा चष्मा घालून एअर पिस्तूल शिकवू नका. काच नेम सरकवते. मुलांना कॉन्टॅक्ट लेन्स लावा, नाहीतर दुसरा खेळ बघा." असलं वाचून पालक मुलाचा चष्मा काढून त्याला लेनवर उभं करतात, म्हणून सविस्तर लिहितो.

हात लांब केल्यावर फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) डोळ्यापासून साधारण 90 सेंटिमीटरवर येते. -3 नंबरच्या मुलाला चष्म्याशिवाय 33 सेंटिमीटरपलीकडचं काहीच स्वच्छ दिसत नाही. मग तो नेम कशावर धरणार? लक्ष्याचा काळा गोल 59.5 मिमीचा आहे. तो धूसर दिसला तरी चालतो, धूसर गोलाचाही मध्य सापडतो. पण फ्रंट साइटची कड धूसर झाली की मागच्या साइटच्या खाचेत तिच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, ते कळत नाही. दोन साइटमधलं अंतर 33 सेंटिमीटर धरा. तिथे अर्धा मिमी चुकला की 10 मीटरवर गोळी 15 मिमी सरकते. लक्ष्यावरची गुणांची एक रिंग 8 मिमीची. म्हणजे जवळजवळ दोन रिंगा गेल्या, आणि मुलाला वाटतं ट्रिगर ओढताना हात हलला.

काणकोणकार
आकडे मलाही येतात. -4 ची काच, नजर मध्यापासून 8 मिमी बाजूला गेली, तर 3.2 प्रिझम (1 प्रिझम म्हणजे 1 मीटरवर 1 सेंटिमीटर सरक). 10 मीटरवर लक्ष्य 32 सेंटिमीटर सरकलेलं दिसतं. हे खोटं आहे का? मानेची ठेवण प्रत्येक फैरीला थोडी बदलते, मग गोळ्यांचा ग्रुप एका जागी कसा बसणार?

चष्मेवाला, फोंडा
काणकोणकारबाब, गणित बरोबर, निष्कर्ष चूक. मागची खाच, पुढची साइट आणि लक्ष्य एकाच रेषेत आहेत. ती रेषा काचेवर वाकते ती तुमच्या डोळ्यापाशी, तिघांसकट. लक्ष्य जितकं सरकलेलं दिसतं, तितकीच साइटही सरकलेली दिसते. गोळी चष्म्यातून जात नाही.

नुकसान होतं ते वेगळं. काचेच्या कडेतून तिरकं बघितलं की कड दुहेरी दिसते, काळ्याभोवती निळी-पिवळी झालर येते. पॉलिकार्बोनेटमध्ये हे जास्त, कारण त्याचा ॲबे आकडा (जितका कमी, तितके रंग जास्त फुटतात) 30 च्या आसपास. साध्या सीआर-39 प्लॅस्टिकचा 58. रायफलवाल्यांना सर्वांत त्रास, कारण गाल दस्त्यावर टेकला की नजर काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते.

उपाय चष्मा काढणं नव्हे. काचेवर पांढरी चिकटपट्टी लावा, तिला 3 मिमीचं भोक पाडा. रिकाम्या बंदुकीने पोझिशन घ्या आणि भोकातून साइट दिसेपर्यंत पट्टी सरकवा. ती खूण घेऊन चष्मेवाल्याकडे जा आणि काचेचा मध्य तिथे बसवून मागा. दुसरी फ्रेम करायची नसेल तर नोजपॅड वाकवून चष्मा वर उचलून बघा. पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं.

काणकोणकार
नेम सरकत नाही, ठीक आहे, ते मागे घेतो. पण धूसर होतं हे तुम्हीच लिहिलंत. कॉन्टॅक्ट लेन्स नजरेबरोबर फिरते, तिचा मध्य कधी चुकत नाही. माझा सल्ला तिथेच उभा आहे.

रायफलवाली
अर्धाच उभा आहे. नेम धरला की पापणी मिटणं कमी होतं. एसी हॉलमध्ये 75 मिनिटांत 60 फैरी मारायच्या, लेन्स कोरडी पडते आणि नेमकी शेवटच्या वीस फैरींत साइट धुरकट होते. सिलिंड्रिकल नंबर (एकाच दिशेत लागणारा) असेल तर लेन्स डोळ्यात फिरते तो त्रास वेगळा. आणि लेन्स डोळ्याचं रक्षण करत नाही, वरून साधा चष्मा लागतोच.

नेमबाजीच्या गोल काचेच्या फ्रेमलाही हीच खबरदारी हवी. रिंगमध्ये काच फिरली आणि ॲक्सिस (सिलिंडरची दिशा) 10 अंशांनी चुकला तर सिलिंडरचा एक तृतीयांश दोष परत येतो. 30 अंश चुकला तर काच लावल्याचा काही उपयोगच राहत नाही. काचेवर आणि रिंगवर एका रेषेत खूण करा, दर सरावाआधी बघा.

सत्तरी तालुक्यातला बागायतदार
तुमचं सगळं रेंजचं. इकडे कुळागरात (सुपारीच्या बागेत) रात्री रानडुक्कर घुसतो तेव्हा कुणाकडे गोल फ्रेम आहे? शेतकरी साठीचा, नाकावर बायफोकल. मान वर केली की नळीचं टोक वाचायच्या काचेत येतं आणि पलीकडचं सगळं पाण्यात बघितल्यासारखं दिसतं. काचेवर ओरखडे असले तर टॉर्चचा उजेड सगळीकडे फुटतो. त्यात निवडणूक आली की पीक-रक्षणाची बंदूक जमा करा, परत येते तेव्हा नळीला गंज. यावर कुणी धागा काढत नाही.

दहामीटर (पणजी)
बाब, तो परवाना पिकाच्या रक्षणाचा आहे, शिकारीचा नव्हे. 1972 चा वन्यजीव कायदा आहे, परवानगीशिवाय जनावरावर नेम नको. बायफोकलचं मात्र शंभर टक्के बरोबर. रात्रीसाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा ठेवा. आणि ठासणीची बंदूक असेल तर चष्म्याशिवाय चाप ओढूच नका, दारू पेटवणाऱ्या टोपीचे तुकडे मागे उडतात.

काणकोणकार
चाळिशीवाल्यांचं नंतर बोलू. आधी साधा प्रश्न: नेम न धरणाऱ्या दुसऱ्या डोळ्याचं काय? सगळे त्याच्यापुढे काळी पट्टी लावतात, मी तीच सांगतो.

रायफलवाली
काळी नको. एका डोळ्यापुढे अंधार केला की बाहुल्या दोन्ही मोठ्या होतात. बाहुली मोठी म्हणजे एका वेळी स्वच्छ दिसणारं अंतर कमी, आणि साइट व लक्ष्य यांच्यातली ओढाताण वाढते. पांढरी, उजेड आत येऊ देणारी पट्टी लावा. नियमात 30 मिमीपर्यंत रुंदीची चालते.

काणकोणकार
आणि वरून ट्यूबलाइट पडली की ती पांढरी पट्टी चमकते, नेम धरणाऱ्या डोळ्यासमोर दुधाळ पडदा येतो. हे कुणी लिहीत नाही! काळ्या पट्टीत हा त्रास नाही.

रायफलवाली
चमकते, मान्य. मग चकचकीत प्लॅस्टिक काढा, धूसर, बिनचमकीचं लावा आणि पट्टी जरा खाली तिरकी करा. अडचण उजेडाच्या कोनाची आहे, म्हणून अंधार करायचा का?

चष्मेवाला, फोंडा
आणि डोळा मिटू तर अजिबात नका. एका पापणीचा ताण दुसऱ्या डोळ्यापर्यंत जातो, विसाव्या फैरीला दोन्ही डोळे थकतात.

काणकोणकार
पॅरिस ऑलिंपिकला 2024 मध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचने रोजच्या चष्म्यावर, पट्टीशिवाय, मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्य घेतलं. तुमच्या पट्ट्यांचं काय?

दहामीटर (पणजी)
रोजच्या चष्म्यावर! सकाळपासून मी तेच सांगतोय. त्याच स्पर्धेत कोरियाच्या किम ये-जीने फ्रेम आणि पट्टी लावून महिलांच्या एअर पिस्तुलात रौप्य घेतलं. दोन्ही चालतं. चालत नाही ते नंबर असताना उघड्या डोळ्यांनी उभं राहणं. तुम्ही पालकांना तेच सांगितलंत, आणि ते तुम्ही अजून मागे घेतलेलं नाही.

काणकोणकार
बरं, घेतलं मागे. मुलांचा चष्मा काढू नका. पण चाळिशीनंतरचा कोणता नंबर करायचा, ते सांगितल्याशिवाय हा धागा अपुरा आहे. वाचायचा चष्मा लावून पिस्तूल धरणारे ढिगाने दिसतात.

चष्मेवाला, फोंडा
वाचायच्या +2 ला 50 सेंटिमीटरवरचं स्वच्छ दिसतं. तिथे ना पुढची साइट असते ना लक्ष्य. हिशेब असा: फ्रंट साइट 90 सेंटिमीटरवर, म्हणजे 1.1 डायॉप्टर (1 भागिले मीटरमधलं अंतर). लक्ष्य 10 मीटरवर, म्हणजे 0.1. मधला आकडा 0.6. तेव्हा लांबच्या नंबरात +0.50 मिळवा, साइट आणखी ठळक हवी तर +0.75. लांबचा -3 असेल तर काच -2.50. लांबचा +1 असेल तर +1.50. तरुण डोळा हे जुळवणं स्वतः करतो, त्याला लांबचा नंबर पुरतो. रायफलच्या मागच्या साइटला बारीक छिद्र असतं, त्यामुळे जवळचं-लांबचं एकदम स्वच्छ दिसतं, म्हणून +0.25 पासून सुरुवात करा.

चिठ्ठीवर लिहून न्या: एकच नंबर, प्रोग्रेसिव्ह (वरून खाली नंबर बदलणारी काच) नको, आणि सिलिंडर असेल तर ॲक्सिससकट. जूनपासून एसी गाडीतून उतरलात की पहिली पाच मिनिटं चष्मा हातात धरून बाहेर थांबा. गार काचेवर धुकं धरतं, आणि ते शर्टाने पुसत बसलं की दोन पावसाळ्यांत कोटिंग जातं.