मदत हवी आहे: घोघ्याच्या किनाऱ्यावरचा तुकडा हाड की दगड?

प्रश्न (बडोदा)
घोघ्याला (गुजरातमध्ये, भावनगरजवळ) ओहोटीत गोट्यांमध्ये सुटा पडलेला तुकडा मिळाला. लांबी ११ सेंमी, जाडी ४ सेंमी, वजन ३४० ग्रॅम, रंग गडद तपकिरी. एक टोक तुटलेलं, त्यात बारीक भोकं. व्हिनेगरचा थेंब टाकला तर फक्त भोकांतून बुडबुडे आले. म्हणजे चुनखडक का? तुकडा अजून ओलसर आहे. वाळला की वॉर्निश लावू?

उत्तर १
वॉर्निश नको, आणि पंख्याखाली किंवा उन्हातही ठेवू नका. भोकांत खारं पाणी मुरलेलं असतं. ते झपाट्यानं उडालं की मिठाचे स्फटिक फुगतात आणि हाडाचे पापुद्रे सुटतात. आधी सुटलेला एखादा कण पाण्यात टाकून बघा. त्याचा चिखल झाला तर तुकडा भिजवायचाच नाही, ओल्या कापडात गुंडाळून जाणकाराकडे न्या. कण टिकला तर बादलीत नळाचं पाणी, रोज बदलायचं. शेवटी आर.ओ.चं (फिल्टरनं क्षार काढलेलं) पाणी घ्या आणि टीडीएस मीटर (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) लावा: २४ तासांत आकडा अगदी थोडाच वाढत असेल, तर भिजवणं थांबवा. तो शून्यावर राहणार नाही, भोकांत कॅल्साइट (चुन्याचं खनिज) असेल तर ते थोडं विरघळतंच. मग वर्तमानपत्रात गुंडाळून, झाकण किलकिलं ठेवलेल्या डब्यात सावलीत सावकाश वाळू द्या.

ठिसूळ वाटलं तरच पॅरालॉइड बी-७२ (जीवाश्म मजबूत करायला वापरतात ती अ‍ॅक्रिलिक राळ), १०० मिली अ‍ॅसिटोनमध्ये ५ ग्रॅम, तेही पूर्ण वाळल्यावर. ओल राहिली तर पांढरा थर येतो. हा लेप अ‍ॅसिटोननं परत काढता येतो, फेविक्विकचं तसं नाही.

उत्तर २
बुडबुड्यांवरून चुनखडक ठरत नाही. हाडाचं खनिज फॉस्फेटचं, ते व्हिनेगरला फसफसत नाही. फसफसतं ते भोकांत नंतर भरलेलं कॅल्साइट. पण आता व्हिनेगर बंद करा, आम्ल हाडही खातं.

आकारावर जाऊ नका, तुटलेलं टोक दहापट भिंगातून बघा. बाहेर घट्ट पट्टा आणि आत जाळी, एकमेकांत मिसळत जाणारी, तर हाड. लांबीच्या दिशेनं सरळ रेघा असतील तर अश्मीभूत लाकूड. भोकं फक्त बाहेरून आत शिरलेली असतील तर दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांचं काम.

जुनं की ताजं हे कळायला लालभडक सुई कडेला टोचा. केस जळल्याचा वास आला तर ताजं. ताजं हाड देवमाशाचं किंवा समुद्रगायीचं निघालं तर १९७२चा वन्यजीव कायदा लागतो, वनखात्याला कळवा. देवमाशाचं हाड कसं दिसतं हे बडोद्यातल्या कमाटीबागेच्या म्युझियममधल्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्यावरून लक्षात येईल.

प्रश्नकर्ता
भिंगातून पाहिलं. बाहेर ७ मिमी घट्ट पट्टा, आत जाळी, भोकांत चमकणारे स्फटिक. सुईला वास नाही.

उत्तर २
मग जीवाश्म हाडच. देवमाशाचं वाटत नाही, त्याचं हाड जवळपास सगळं जाळीदार असतं. समुद्रगायीची बरगडी आतपर्यंत भरीव असते, कासवाच्या कवचात दोन पाट्यांमध्ये जाळी. तुमचं वर्णन मोठ्या जमिनीवरच्या सस्तन प्राण्याच्या पायाच्या हाडाशी जुळतं. समोरच पिरम बेट आहे. तिथल्या मायोसीन (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) थरांतूनच जिराफाच्या कुळातल्या ब्रह्माथेरियमचे अवशेष निघाले, ते नाव जीवाश्मतज्ज्ञ ह्यू फाल्कनर यांनी १८४५ साली दिलं. तरी सुटा तुकडा लाटांनी कुठूनही येतो, आणि सांध्याचं टोक किंवा दात नसेल तर प्रजाती सांगता येत नाही. कुणी छातीठोकपणे सांगितली तरी मानू नका.

सहा बाजूंचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी, उजेड एका बाजूनं तिरका. सापडल्या जागेचं जीपीएस आणि तारीख चिठ्ठीवर लिहून तुकड्यासोबतच ठेवा, नाहीतर अभ्यासाच्या दृष्टीनं त्याची किंमत निम्म्यावर येते. मग महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात दाखवा. चिकटलेला गाळ मात्र खरवडू नका, तुकडा कोणत्या थरातला हे त्यांना त्यावरूनच कळेल.