निळी-पांढरी 'चिनी' बशी: वूस्टर, काफली की नक्कल?

निळाई
बर्मिंगहॅमच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एक बशी बघून ठेवली आहे. व्यास २१ सेमीच्या आसपास, पांढऱ्यावर निळं चिनी चित्र. पाणी, बेटं, होड्या. एका माणसाच्या हातात मासा, दुसऱ्याच्या हातात गळ. विक्रेता म्हणतो, 'विलो पॅटर्न, अठराव्या शतकातलं वूस्टर', म्हणजे वूस्टरच्या इंग्लिश कारखान्यातलं. मागे लहानसा निळा 'एस' आहे. कडेला एक केसासारखी तपकिरी चीर. घेण्यापूर्वी काय तपासावं? डाग जाईल का, आणि वापरता येईल का?

भट्टीवाला
विलो नक्कीच नाही. विलोच्या ठरलेल्या चित्रात पुलावर तीन माणसं, वर दोन पक्षी आणि पुढे नागमोडी कुंपण हवं. (त्या चित्राची प्रेमकथाही चीनमधली नाही, एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्येच रचलेली आहे.) शिवाय विलोच्या बहुतेक बश्या पोर्सेलिनच्या नसून अर्थनवेअरच्या (साध्या भाजक्या मातीच्या) असतात, म्हणजे उजेडाला धरल्या तरी उजेड आरपार येत नाही. तुम्ही सांगताय ते 'फिशरमन' चित्र, आणि ते वूस्टर आणि काफली या दोन्ही कारखान्यांनी काढलं. काफली चालवणारा थॉमस टर्नर वूस्टरमध्येच तयार झालेला, त्यामुळे चित्रं जुळतात यात नवल नाही.

फरक बारीक आहे. काफलीच्या चित्रात हातातला मासा आखूड, जाडा आणि गळाची दोरी ताठ सरळ. वूस्टरच्या चित्रात मासा लांब, सडपातळ आणि दोरी सैल, वळणदार. आधी हे बघा, मग मागची खूण. छापील 'एस' ही सॅलोपियन, म्हणजे काफलीची खूण. बशीच्या बुडात 'सॅलोपियन' हा शब्द दाबून उठवलेलाही सापडतो, बोट फिरवून पाहा.

कोबाल्ट_काका
खुणेवर भिस्त ठेवू नका, ती रंगवायला दोन मिनिटं लागतात. चिनी अक्षरांसारखे नटवलेले १ ते ९ आकडे जुन्या पुस्तकांत काफलीच्या नावावर आहेत. वूस्टर कारखान्याच्या जागी उत्खननात तसे तुकडे निघाल्यावर ते वूस्टरकडे गेले.

माझा क्रम असा. अंधाऱ्या कोपऱ्यात बशीमागे मोबाइलचा टॉर्च धरा. वूस्टर बहुधा हिरवट दिसतं, काफली पिवळसर-नारिंगी. दोन्हींच्या मातीत शंखजिऱ्याचा दगड असल्यामुळे छटा एकमेकांत मिसळतात, म्हणून केवळ रंगावरून निकाल नको. मग दहापट भिंग घ्या. छापील निळ्यात तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या समांतर बारीक रेघा दिसतात. ब्रशच्या कामात रंग कुठे दाट, कुठे पातळ असतो. छपाई अशी व्हायची: पत्र्यात तेलात कालवलेला कोबाल्टचा रंग, त्यावरून पातळ कागद, तो कागद एकदा भाजलेल्या पण झिलई न दिलेल्या बशीवर दाबायचा, मग पाण्यानं कागद काढायचा. तेल जाळण्यासाठी हलकी भट्टी, त्यानंतर झिलई आणि पुन्हा भट्टी. म्हणून किनारीच्या नक्षीत कागदाचा सांधा चुकलेला, कुठे रेघ तुटलेली असं दिसलं तर घाबरू नका, उलट बरं वाटू द्या.

टवका असेल तर तोही बघा. त्या काळच्या या इंग्लिश मालाचं तुटलेलं अंग साखरेच्या खड्यासारखं दाणेदार असतं. चिनी किंवा पॅरिसच्या सॅमसननं केलेल्या हार्ड-पेस्ट (कडक चिनी मातीच्या) नकलेचं काचेसारखं गुळगुळीत, चमकदार. एकच नियम सगळ्या इंग्लिश बश्यांना लावू नका मात्र: प्लिमथ, ब्रिस्टल आणि न्यू हॉल या कारखान्यांची माती वेगळी, हार्ड-पेस्टच.

मागे 'इंग्लंड' छापलेलं असेल तर अठरावं शतक विसरा. अमेरिकेच्या आयातकायद्यानं १८९१ पासून देशाचं नाव घालावं लागलं, तिथून ते सर्रास दिसतं.

निळाई
आज पाहून आले. मासा जाडा, दोरी ताठ, उजेड पिवळसर. एके ठिकाणी झिलई किंचित मऊ आणि मॅट वाटली.

भट्टीवाला
मासा, दोरी, उजेड आणि 'एस' चारही काफलीकडे बोट दाखवतात. म्हणजे १७७५ ते १७९९ मधला काळ. १७९९ मध्ये कारखाना कोलपोर्ट या दुसऱ्या पोर्सेलिन कारखान्याच्या मालकांकडे गेला. मॅट जागा म्हणजे दुरुस्तीवरचा रंग असणार. यूव्ही टॉर्चखाली तो भाग सहसा वेगळा चमकतो. कडेवर नखानं हलकी टिचकी द्या: अखंड बशी खणखणते, चीर आरपार असेल तर बद्द वाजते. विक्रेत्यानं दुरुस्ती सांगितली नसेल, तर भाव करताना हे आधी काढा.

सांधणी
डागाचं माझ्याकडे. घरातलं क्लोरीन ब्लीच अजिबात नको. ते चिरेतून मातीत मुरतं, राहिलेले क्षार सुकताना स्फटिक होऊन फुगतात आणि झिलईचे पापुद्रे उडतात. दुरुस्ती असल्यानं भिजतही घालू नका. जुना डिंक सुटेल. कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, ओलं मऊ फडकं, लगेच कोरडं करणं, एवढंच. चिरेतला तपकिरीपणा काढायचं काम हायड्रोजन पेरॉक्साइडनं होतं, पण ते सिरॅमिक दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.

जेवायला घेऊ नका. या झिलईत शिसं असतं. लिंबू, दही, चिंच, टोमॅटो लागला की ते अन्नात उतरू शकतं. भिंतीवर लावायची तर स्प्रिंगचा तारेचा हँगर टाळा, त्याचा ताण चिरेवर येतो आणि चीर पुढे सरकते. लाकडी स्टँडवर, चीर वरच्या बाजूला ठेवून उभी करा.